नव्या पेशी आणि एकोणीस तास

जयसिंग ढाणे पहिल्यांदा माझ्या तपासणीच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर भोरच्या एसटी स्टँडपासून त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता बॉलपेनने काढलेला होता. घर स्टँडपासून सात मिनिटांवर.

"नवीन घर बांधून वर्ष झालं," त्यांच्या पत्नी शालनताई म्हणाल्या. "पण हे निघतात घरी आणि जातात जुन्या भाड्याच्या खोलीवर. तीनदा गेले. तिथले भाडेकरू आता यांना बघितलं की पाणी आणून देतात आणि मला फोन करतात."

ढाणे खाली बघत होते. वय सेहेचाळीस, भोरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवणारे निदेशक. अंग दोरीसारखं पिळदार. वीस वर्षं ते सह्यकडा नावाच्या बचाव पथकात होते. कड्यावरून पडलेले, दरीत अडकलेले, विहिरीत गेलेले लोक काढायला हे पथक जायचं. त्यात पगार नव्हता. हाक आली की आहे तसं निघायचं.

फेब्रुवारीत सावरखिंडीच्या नव्या बोगद्यात छत कोसळलं. पलीकडे एकच जण अडकली: ऋतुजा कुलथे, सव्वीस वर्षांची, बोगद्याच्या कामावरची भूगर्भशास्त्रज्ञ. दगडांच्या ढिगातून पाणी उपसण्याचा एक पाइप आरपार शाबूत राहिला होता. त्यातून तिचा आवाज येत होता. कोणीतरी तिच्याशी बोलत राहायला हवं होतं, म्हणून ढाणे त्या पाइपाला तोंड लावून आडवे झाले. एकोणीस तास त्यांचं बोलणं चाललं. ढिगारा फोडून माणसं पलीकडे पोचली तेव्हा ती जाऊन दोन तास झाले होते.

त्यानंतर पाच महिने ढाणे धड झोपले नव्हते. नव्या बॅचमधल्या एकाही मुलाचं नाव त्यांना लक्षात राहत नव्हतं. जेवलो की नाही, हे ते शालनताईंना विचारायचे. पण त्या एकोणीस तासांतलं मात्र काहीच पुसट होत नव्हतं.

मी त्यांना पेशीमोजणीच्या यंत्रात झोपवलं. वीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. साठ.

हा आकडा कशाचा, ते सांगते. आपल्या दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, करंगळीएवढा एक वळलेला भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. दिवसभरात जे घडतं ते आधी इथे उतरतं, आणि मग महिने-वर्षं घेत हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात जाऊन पक्कं बसतं. या भागाची खासियत अशी की इथे मोठेपणीही नव्या पेशी जन्मतात. निरोगी माणसात दिवसाला साधारण सातशे. नवा रस्ता, नवा चेहरा, कालचं आणि आजचं यातला फरक, ही सगळी कामं या कोवळ्या पेशींची. माणसात त्या खरंच जन्मतात का, यावर शास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडले. माझ्या गोष्टीच्या काळापर्यंत यंत्रांनी तो वाद मिटवला होता, आणि त्या यंत्रांपैकी एक आमच्या पुण्यातल्या संस्थेत होतं.

ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं रसायन सोडतं. तासाभरासाठी ते चांगलं. माणूस सावध होतो, धावतो. पण महिनोन् महिने ते ओसरलंच नाही तर नव्या पेशी जन्मतात आणि कोवळ्या रोपांसारख्या दोन पानांवरच करपतात. ढाण्यांच्या सातशेपैकी साठ टिकत होत्या.

मी, मृदुला धामणस्कर, तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि चौदा वर्षं या एकाच गोष्टीच्या मागे होते. माझ्या प्रयोगशाळेत तयार झालेला चव्वेचाळिसावा रेणू कॉर्टिसॉलला या पेशींजवळ फिरकू देत नव्हता. आम्ही त्याला नुसतं चव्वेचाळीस म्हणायचो. रोज सकाळी नाकात एक फवारा, सहा आठवडे. पहिल्या गटातल्या अकराच्या अकरा माणसांचे आकडे पाचशेच्या वर गेले होते. लोक झोपू लागले, कामावर जाऊ लागले.

"बरे व्हाल," मी ढाण्यांना सांगितलं. मी असं सहसा म्हणत नाही. पण चव्वेचाळीसबद्दल माझी खात्री होती.

त्यांचा उपचार सुरू व्हायला दोन आठवडे होते. त्या दरम्यान मला पहिल्या गटातल्या नऊ नंबरच्या बाईंचा फोन आला.

त्या साताऱ्याच्या, एसटीत कंडक्टर. त्यांच्या बसला आग लागली होती, आणि त्यानंतर त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. चव्वेचाळीसनंतर पुन्हा ड्युटीवर रुजू झाल्या. आमच्या गटातलं सगळ्यात चांगलं उदाहरण.

"मॅडम, बहिणीच्या लग्नाचे फोटो बघत होते," त्या म्हणाल्या. "आगीच्या आधी दोन महिने झालेलं लग्न. मी आहे फोटोत. हळद लावतेय, हसतेय. पण मॅडम, मी त्या लग्नाला गेले होते हे मला आठवतच नाही."

मी बाकीच्या दहा जणांना बोलावलं आणि एकेकाला त्यांच्या मागच्या वर्षाबद्दल विचारलं. सात जणांच्या आठवणींत मोठी भोकं होती. मग उंदरांचे जुने निकाल काढले. ज्या उंदरांना चव्वेचाळीस दिलं होतं ते नवा भुलभुलैया भराभर शिकत होते, पण महिन्याभरापूर्वी शिकलेला विसरत होते. ते आकडे मी आधीही पाहिले होते. त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

कारण उघड होतं. नव्या पेशी रिकाम्या जागेत उगवत नाहीत. त्या आधीच्या जोडण्यांमध्ये शिरतात, आपल्या जोडण्या करतात, आणि जुन्या सैल होतात. जी आठवण बाहेरच्या थरात पोचलेली असते ती राहते. जी अजून वाटेत असते, ती सुटून जाते.

आमच्या संस्थेचे संचालक डॉ. परचुरे यांना मी हे दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"संमतिपत्रात एक ओळ वाढव," ते म्हणाले. "अलीकडच्या काही आठवणी पुसट होण्याची शक्यता. त्यात लपवण्यासारखं काही नाही."

मी ओळ वाढवली. एकतिसावी. खरं सांगायचं तर मला तो दोष वाटलाच नव्हता. माझ्याकडे येणारी माणसं अशी होती की त्यांना विसरायचंच होतं. बहिणीचं लग्न गेलं हे वाईट. पण आगही गेली.

ढाणे सहीला आले तेव्हा मी एकतिसावी ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ते हसले असावेत, कारण शालनताई चमकून त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"म्हणजे ते जाईल? बोगद्यातलं?"

"बहुतेक जाईल. अजून सहा महिनेही झालेले नाहीत."

"मॅडम, हे आधी सांगायचं ना. बाकीच्या तीस ओळी नसत्या तरी सही केली असती."

त्यांनी पेन उचललं. शालनताईंनी कागदावर हात ठेवला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, ती पोरगी एकोणीस तास यांच्याशी बोलली. काय बोलली ते यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मला नाही. चौकशीला आलेल्या साहेबांना नाही. तिच्या आईला तर नाहीच."

"आईला सांगितलंय मी," ढाणे म्हणाले.

"काय सांगितलंत? पडल्या पडल्या बेशुद्ध झाली, तिला काही कळलं नाही. असंच ना?"

ढाण्यांनी पेन खाली ठेवलं.

शालनताई भोरच्या पोस्टात सब-पोस्टमास्तर आहेत. आवाज न चढवता बोलायची त्यांना सवय आहे. "मी वीस वर्षं पोस्टात काढली, मॅडम. दुसऱ्याचं टपाल घरात ठेवलं तर नोकरी जाते. हे तर ते जाळायला निघालेत, आणि तुम्ही काडी देताय."

मला राग आला. रुग्ण बरा व्हायला तयार आहे, औषध तयार आहे, आणि मधे हे काय? मी म्हणाले, "शालनताई, आठवण त्यांची आहे. ठेवायची की नाही ते त्यांनी ठरवायचं."

"त्यांची एकट्याची आहे?" त्यांनी विचारलं.

कागद तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत बसून बरंच काही वाचलं, पण कोणत्याही शोधनिबंधात या प्रश्नाबद्दल एक वाक्यही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ढाण्यांचा फोन आला.

"मॅडम, फलटणला जातोय. कुलथेबाईंकडे. तुम्ही याल का बरोबर? मला तिथं काही झालं तर शालन घाबरायची नाही. पण बाई घाबरतील."

सुनंदा कुलथे फलटणच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवत होत्या. निवृत्तीला एक वर्ष होतं. नवरा फार पूर्वी गेलेला, ऋतुजा एकुलती एक. गावातले सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. खोली नीटनेटकी होती. खिडकीच्या कठड्यावर दगडांचे नमुने ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात चिठ्ठी. त्या मुलीच्या हातच्या असाव्यात.

बाईंनी आम्हा तिघांना, ढाणे, शालनताई आणि मला, पाणी आणलं. ढाण्यांनी ग्लास हातात घेतला आणि पाणी न पिता खाली ठेवला.

"बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. ती बेशुद्ध नव्हती झाली. बोलत होती."

बाई उभ्याच होत्या. "किती वेळ?"

"एकोणीस तास."

त्यांनी पुढचं दार लावून घेतलं. शाळेत फोन करून सांगितलं की आज येत नाही, उद्याही येणार नाही. मग ढाण्यांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

"सांगा. पहिल्यापासून. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका."

सकाळचे अकरा वाजले होते. ढाणे सांगू लागले. आधी अडखळत, मग सलग. पायावर मोठा दगड पडला होता, पण दुखत नाही असं ती म्हणत होती. पाणी घोट्यापर्यंत आहे, वाढत नाहीये, हे दर तासाला मोजून सांगत होती. तुम्ही काय खाल्लंत, असं तिने विचारलं. शेंगदाण्याचा लाडू, असं सांगितल्यावर म्हणाली, पाइपातून ढकला की एक. त्यांनी खरंच प्रयत्न केला. लाडू मधेच अडकला आणि आवाज बारीक यायला लागला, तेव्हा त्यांनी तारेने खरवडून काढला. दोघं बराच वेळ हसले होते.

बाई मधे मधे फक्त "मग?" म्हणत होत्या.

बोगद्यातल्या तिसऱ्या तासाशी आल्यावर ढाणे थांबले. हात मांडीवर घासू लागले.

"ती म्हणाली, आईला सांगा, बघितला म्हणावं खरा खडक."

बाईंचा चेहरा बदलला. मला वाटलं आता थांबवावं. पण त्यांनी हात वर करून मलाच थांबवलं.

"तिला नांदेडच्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळत होती," त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "मीच नको म्हणाले. पुस्तकातला खडक काय शिकवत बसतेस, खऱ्या खडकात जा, असं म्हणाले. माझे शब्द आहेत ते."

"मस्करीत म्हणाली असेल, बाई," ढाणे म्हणाले. "मला नक्की कळलं नाही. तेच कळत नव्हतं म्हणून तर..."

"नाही. राग होता." बाईंनी पदराने डोळे पुसले. "तिचा आवाज मला माहीत आहे. हे वाक्य ती रागानेच म्हणणार. असू दे. माझ्यावर रागवायचा हक्क तिचाच होता. पुढे सांगा."

ढाणे पुढे सांगत गेले. दुपारी बाईंनी पिठलं-भाकरी केली, सगळ्यांना वाढलं, आणि जेवताना काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर परत खुर्ची ओढली.

सतराव्या तासाला वरून पुन्हा माती सुटली होती. सरकारी अधिकाऱ्याने सगळ्यांना बाहेर काढलं. ढाणे उठत नव्हते, तेव्हा दोघांनी काखेत हात घालून त्यांना ओढत नेलं. चाळीस मिनिटांनी परत आत सोडलं. त्यांनी पाइपाला तोंड लावून हाक मारली.

"ती म्हणाली, कुठे होतात? मी म्हटलं, चहा प्यायला गेलो होतो. म्हणाली, सांगून जायचं ना. मी दोनशेपर्यंत आकडे मोजले. बारा वेळा." ढाण्यांनी बाईंकडे पाहिलं. "बारा वेळा, बाई. मी नव्हतो तेव्हा ती काय काय बोलली असेल, ते आता कुणालाच कळायचं नाही."

ते रडू लागले. मोठा माणूस रडतो तसं, आवाज दाबून. शालनताई उठल्या नाहीत. बाईंनी आत जाऊन चहा ठेवला.

शेवटचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. पहाटे तिने विचारलं होतं, तुमच्यासमोर खडक आहे तो कसा आहे? ढाणे म्हणाले, काळा. ती वैतागली. काळा काय? बॅटरी मारून नीट बघा. त्यांनी बघितलं तर काळ्यात पांढरे ठिपके होते, तिळाएवढे. मग तिने त्यांना समजावून सांगितलं, की लाव्हा थंड होताना त्यात हवेचे बुडबुडे राहतात, आणि पुढे लाखो वर्षं पाणी झिरपून त्यात पांढरे स्फटिक भरतात. ढाणे इलेक्ट्रिशियन, त्यांनी तीन शंका विचारल्या. तिने तिन्हींची उत्तरं दिली. मग म्हणाली, आता मी जरा गप्प बसते. तुम्ही बोला.

"मी आयटीआयच्या मुलांचं सांगत बसलो. कोण उलटी वायर जोडतो, कोणाचा फ्यूज उडाला. तासभर तरी बोलत होतो. त्यातलं तिला किती ऐकू गेलं, मला माहीत नाही."

बाई खिडकीतल्या दगडांकडे बघत म्हणाल्या, "शंका विचारल्यात ते बरं केलंत. तिला आवडायचं."

परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर वही काढून बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वाटेतली आठवण सुटते, पोचलेली राहते. पण आठवण वाटेत पुढे सरकते कशी? ती पुन्हा पुन्हा काढली जाते तेव्हा. दर वेळी माणूस नीट, क्रमाने, ऐकणाऱ्याला समजेल असं सांगतो, तेव्हा मेंदूचा बाहेरचा थर ती पुन्हा लिहून घेतो. ढाण्यांची आठवण पाच महिने आतल्या आत फिरत होती. ती कोणाला सांगितलीच नव्हती. दिवसातून दहा वेळा ती अंगावर यायची, पण तुकड्यातुकड्यांत, घामासकट. ते सांगणं नव्हतं.

मी ढाण्यांना म्हटलं, "सहा आठवडे थांबू. दर आठवड्याला बाईंना फोन करून हे सगळं पुन्हा सांगा. मग औषध देते. माझा अंदाज बरोबर असेल तर गोष्ट राहील आणि ताण जाईल."

"आणि चुकला तर?"

"तर गोष्ट जाईल. पण तोवर ती बाईंकडे पोचलेली असेल."

ते पुढे बघत होते. "चालेल," म्हणाले.

परचुरेंना ते चाललं नाही. प्रत्येक रुग्णाला सहा आठवडे थांबवायचं म्हणजे दुसऱ्या गटाची सगळी मांडणी बदलणार होती, वर्षभर उशीर होणार होता. "कोरियातला गट आपल्या मागे दोन पावलांवर आहे, मृदुला. ते कोणासाठी थांबणार नाहीत."

"मग ते पहिले येतील."

"चौदा वर्षं घातलीस तू."

"म्हणूनच. लोकांना बरं करायला चौदा वर्षं घातली, आणि त्यांच्या डोक्यातून काय जातंय हे एकदाही विचारलं नाही. आता विचारल्याशिवाय फवारा हातात देणार नाही."

परचुरे रागीट आहेत, पण हट्टी नाहीत. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग नव्या मांडणीवर सही करून कागद माझ्या टेबलावर ठेवून गेले.

ते सहा आठवडे सोपे नव्हते. दुसऱ्या आठवड्यात ढाण्यांनी जेवण सोडलं. शालनताईंचा फोन आला, आणि त्या पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलल्या. "मॅडम, मीच थांबवलं होतं, आता मीच सांगते. द्या ते औषध. टपाल पोचलं बाईंना. मला माझा माणूस हवाय."

मला नाही म्हणता आलं नाही. औषध घेऊन दुपारी भोरला गेले. ढाणे ओसरीवर बसले होते, गाल आत गेलेले. मी फवाऱ्याची बाटली समोर ठेवली. त्यांनी ती उचलून पाहिली आणि परत माझ्या हातात दिली.

"अजून चार वेळा सांगायचंय. मागल्या खेपेला बाईंनी मला मधे थांबवलं. म्हणाल्या, पाणी घोट्यापर्यंत होतं की गुडघ्यापर्यंत, नीट आठवा. मी घोट्यापर्यंतच म्हणालो. त्यांना बरं वाटलं." मग शालनताईंकडे बघून म्हणाले, "भात टाक थोडा. खातो."

त्यांनी चारही वेळा सांगितलं. मग सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मी त्यांना पहिला फवारा दिला.

पुढचं सगळं चव्वेचाळीसनं केलं, आणि तसंच केलं जसं मी म्हणाले होते. साठाचे एकशे नव्वद झाले, मग तीनशे दहा, सहाव्या आठवड्याला पाचशे चाळीस. आधी झोप आली. मग भूक. मग आयटीआयच्या हजेरीपटातली चोवीस नावं ढाण्यांनी मला फोनवर न बघता म्हणून दाखवली, आणि वर सांगितलं की यातले दोघे वाया जाणार आहेत. नव्या घराचा रस्ता त्यांना कोणी शिकवला नाही. एक दिवस ते स्टँडवरून सरळ घरी आले, आणि शालनताईंनी मला फक्त एवढंच कळवलं: आज भाडेकरूंचा फोन आला नाही.

नोव्हेंबरात आम्ही तिघं पुन्हा फलटणला गेलो. मला तपासायचं होतं. ढाण्यांच्या मनगटावर मी नाडी मोजणारा पट्टा बांधला होता आणि आकडे माझ्या फोनवर येत होते. बाईंनी तीच खुर्ची ओढली.

"सांगा," त्या म्हणाल्या.

ढाण्यांनी सांगितलं. दगड, पाणी, लाडू. लाडवाला तर बाईही हसल्या. खरा खडक. क्रम कुठे चुकला नाही. नाडी अठ्ठ्याहत्तर. मी वहीत टिपत होते आणि आतून मला पोरीसारखा आनंद होत होता.

सतराव्या तासाला ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या.

"वरून माती सुटली... मग ती म्हणाली, तुमच्यासमोर खडक कसा आहे." ते स्वतःशीच मान हलवू लागले. "नाही. मधे काहीतरी आहे. बाई, मी मधे कुठे गेलो होतो का?"

मला एकदम कळलं काय झालंय. ही चाळीस मिनिटं त्यांनी एकदाच सांगितली होती, याच खोलीत. नंतरच्या सहाही वेळा फोनवर त्यांनी त्या जागेवरून उडी मारली असणार. तेवढं त्यांना पुन्हा सांगवलं नसणार. म्हणून तेवढीच आठवण बाहेर पोचली नाही, आणि नव्या पेशींनी ती सोडवून टाकली. शास्त्र म्हणून माझा अंदाज याहून स्पष्ट सिद्ध होणं शक्य नव्हतं.

आणि डॉक्टर म्हणून मला वाटलं, राहू दे. या माणसाला आजारी पाडलं ते या चाळीस मिनिटांनीच. आता ती नाहीत. आम्ही तिघी गप्प राहिलो तर ती कधीच नसतील. शालनताई माझ्याकडे बघत होत्या; त्यांच्याही मनात तेच होतं. आठवण दुसऱ्याची आहे, असं म्हणणाऱ्या त्याच. मी तोंड उघडलं.

पण बाई आधी बोलल्या.

"हो, गेला होतात," त्या म्हणाल्या. वर्गात सांगावं तसं, सरळ. "माती सुटली म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. तुम्ही उठत नव्हता. दोघांनी ओढून नेलं. चाळीस मिनिटं तुम्ही तिथे नव्हता. तेवढ्यात तिने दोनशेपर्यंत बारा वेळा मोजलं. तुम्ही परत आलात तेव्हा ती म्हणाली, सांगून जायचं ना."

ढाणे ऐकत होते. मी फोनकडे बघत होते. ब्याऐंशी. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी.

"मी काय म्हणालो?"

"चहा प्यायला गेलो होतो, म्हणालात."

"खोटं बोललो."

"हो. आणि मग शेवटपर्यंत हलला नाहीत."

ते हाताच्या बोटांकडे बघत होते. शालनताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग ढाण्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते दुःखच होतं, पण त्यात भीती नव्हती.

"बरोबर बोलली ती," ते म्हणाले. "सांगून जायला पाहिजे होतं. पाइपाला तोंड लावलेलंच होतं. दोन शब्दांना किती वेळ लागतो?"

"ते आता काय..." शालनताई म्हणू लागल्या.

"नाही, पथकात सांगितलं पाहिजे हे. आम्ही दोऱ्या शिकवतो, गाठी शिकवतो, पट्टी बांधायला शिकवतो. हे कोणी शिकवत नाही."

पुढच्या वर्षी कोरियातल्या गटाचा निबंध आमच्या आधी आला. त्यांचं औषध चांगलं आहे. आमचा निबंध नंतर आला, आणि आता त्यांच्या दवाखान्यातही पहिला फवारा देण्याआधी सहा आठवडे थांबतात, आणि रुग्णाला विचारतात की ही गोष्ट कोणाची आहे आणि त्याला पोचली आहे का.

पण मी सांगत होते ते ढाण्यांचं. फलटणहून आल्यानंतरच्या रविवारी सह्यकडा पथकाची बैठक भोरच्या शाळेच्या पटांगणात होती. मी गेले होते. तीसेक जण गोल करून बसलेले, मधे दोऱ्यांची वेटोळी. नऊ महिन्यांनी ढाणे त्यांच्यात आले होते. पथकाच्या प्रमुखांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" तेव्हा ढाणे उठले.

"एक नवीन नियम लिहून घ्या," ते म्हणाले. "अडकलेल्या माणसाशी बोलायला जो बसलाय, त्याला उठावं लागलं तर त्यानं आतल्याला सांगून उठायचं. किती वेळ लागेल तेही सांगायचं. खरं सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

"आणि वरून ओढूनच नेलं तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तरी सांगायचं. ओढत नेत असतील तर ओरडून सांगायचं," ढाणे म्हणाले. "आत कोणीतरी मोजत असतं."